ज्वारीच्या अक्षता

या गं पोरींनो, अशा जवळ सरका. मोबाईलवर नुसतं "आज्जी, तो अनुभव लिहा की" म्हणता, आणि सोलापुरावरून जाता तरी एक पोरगी खाली उतरत नाही! बरं, लिहिते. वाचायला-लिहायला मी किराणाच्या पुड्यांवरून शिकलेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आधीच सांगते, भुताखेतावर माझा कधी विश्वास नव्हता. कुणाच्या अंगात आलं की मी पहिलं विचारायची, "बाई, सकाळपासून जेवलीस का?"

आमचं घर कुंभारीला. मुलगा पुण्यात नोकरीला. सून शैला माझ्यापाशी, तिची सरकारी कचेरी सोलापुरात, सात रस्ता चौकाजवळ. काम असं की शहराचा धूर किती कमी करायचा हे वरून ठरलंय, आणि त्यासाठी सगळ्या खात्यांना एका टेबलावर बसवायचं. ऐकायला सोपं! बसवाले म्हणायचे, विजेच्या बस घेतो, पण चार्जिंगचं वीजवाल्यांनी बघावं. वीजवाले म्हणायचे, जागा रस्तेवाल्यांनी द्यावी. रस्तेवाले म्हणायचे, मधे झाडं येतात, बागवाल्यांना विचारा. बागवाले म्हणायचे, झाडांना आधी पाणी तर द्या… आणि मीटिंगला मात्र कुणीच नाही. मेल जायचे, फोन जायचे, खुर्च्या रिकाम्याच.

त्या दिवशीची मीटिंग शेवटची होती. सगळ्यांच्या सह्या झाल्या नाहीत तर आराखडा बारगळणार, शैलाचं पद जाणार, आणि ती पुण्याला जाणार. जाईलच की, नवरा तिकडं आहे. पण मग माझं घर… असो.

आता आमच्या मालकांचं, म्हणजे शैलाच्या सासऱ्यांचं सांगते; ती त्यांना मामा म्हणायची, मला आत्या. ते त्याच कचेरीत शिपाई होते, वारून तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांची एक तऱ्हा होती. मीटिंगचा कागद पोचूनही साहेब लोक आले नाहीत, की हे खिशात अक्षता घेऊन निघायचे. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या असतात, हळद-कुंकू लावलेल्या. प्रत्येकाच्या टेबलावर चार दाणे ठेवायचे आणि म्हणायचे, "यायला लागतंय बघा, साहेब." मी हसले की म्हणायचे, "खाती म्हंजे भावकीच हाय गं. कागद आला तर नुस्तं कळतंय. अक्षत आली तर बोलावलंय."

सकाळी शैला भाकरीकडं बघत नुसती बसलेली. मी म्हणाले, "तुझे मामा असते तर अक्षत घेऊन फिरले असते."

"आत्या, आता सगळं मेलवर असतंय हो," ती म्हणाली. पण निघताना त्यांच्या फोटोपुढं थांबली. "मामा, एक फेरी मारा की आमच्यासाठी…" हसतच म्हणाली. आणि त्या गडबडीत डबा विसरून गेली.

दुपारी मी डबा घेऊन रिक्षानं गेले. ऊन म्हणजे नुसता तवा! वर मोठ्या खोलीत पंखे गरगरतायत आणि एवढ्या खुर्च्यांत माझी पोरगी एकटी. डोळे भरलेले. मी म्हणाले, "खा आधी, मग रड."

तिनं डबा उघडला, तोवर दारात बसवाले साहेब. "मॅडम, उशीर नाही ना झाला?" मागून वीजवाल्या बाई. मग रस्तेवाले, बागवाले, पाणीवाले… बघता बघता खोली भरली.

बसवाले साहेब म्हणाले, "असा माणूस पाठवला तर कोण नाही येणार? अक्षत दिली हो हातात!" आणि मूठ उघडली. पिवळे-लाल दाणे. ज्वारीचे.

"मला पण दिली," वीजवाल्या बाई म्हणाल्या. "पांढरी टोपी, पायात करकर वाजणारी चप्पल. मी म्हटलं, काका, कुणाचं लग्न? तर म्हणाले, लग्न न्हाय बाई. सून एकटीच बसलीय तितं."

शैलानं टेबलाखाली माझा हात धरला. तिच्या मजल्यावर शिपाई एकच, ती बाईमाणूस, आणि त्या दिवशी ती रजेवर. हे सगळे अधिकारी बदलून आलेले, मालकांना कुणी कधी बघितलेलंसुद्धा नाही.

मीटिंगमधे भांडणं झाली, झाली नाहीत असं नाही! पण रस्तेवाल्यांनी जागा दिली, बागवाल्यांनी झाडं तेवढी वाचवून घेतली, आणि उठायच्या आत सह्या झाल्या.

घरी येऊन मी पहिली मालकांची ती करकर वाजणारी चप्पल बघितली. धूळ होती तशीच. खोटं कशाला सांगू? मुलाच्या लग्नातल्या अक्षतांचाही घरात एक दाणा उरलेला नाही. शैला म्हणाली, "आत्या, त्या वीजवाल्या बाईंना मामांचा फोटो दाखवू का?" मी नको म्हणाले. एवढ्या उन्हात फिरले बिचारे… त्यांची आणि परीक्षा कशाला घ्यायची?

कोण आलं होतं, मला आजही सांगता येत नाही. शैला अजून माझ्यापाशीच आहे. डबा अजून विसरते.

तर पोरींनो, हे वाचून नुसतं कळवलंय असं समजू नका. बोलावलंय. आणि तुमच्या दारात कुणी पांढऱ्या टोपीचं माणूस आलंच, तर त्यांना आधी पाणी द्या, आणि मग लगेच निघा. गरम भाकरी करते. लवकर या.