मागचे दोन स्पीकर

मास्तर काही खरेदीला निघाले की दुकानदार धास्तावायचे. सगळं आयुष्य शिंपीकामात, कपडे बेतण्यात गेलेलं. साधा टॉवेल घ्यायचा तरी तो उलटा करून शिवण बघणार, उजेडात धरणार, आणि शेवटी ‘बघतो’ म्हणून चालू लागणार. त्यांनी घरी सिनेमा बघायला पाच स्पीकर आणि ॲम्प्लिफायर घ्यायचा घाट घातला, तेव्हा गल्लीतल्या लोकांना विकणाऱ्यांचीच कीव आली.

पण ही हौस नव्हती. मास्तरांच्या बायकोची दृष्टी साखरेच्या आजाराने गेली होती. आधी तिला सुईत दोरा ओवता येईना, मग काजं वेडीवाकडी व्हायला लागली, मग माणसांच्या नुसत्या सावल्या उरल्या आणि शेवटी त्याही गेल्या. मास्तरांनी शिवायचं आणि तिने काज-बटण करायचं, असा दोघांचा संसार. शनिवारी दुपारी दुकान बंद ठेवून दोघं सिनेमा बघायची. सिनेमा चांगला की टाकाऊ यावर त्यांचं कधी एकमत झालं नाही, आणि निम्मी मजा त्या भांडणातच होती.

घरात तिचं काही अडत नव्हतं. फ्रिजची घरघर म्हणजे स्वयंपाकघर, रस्त्याची वर्दळ म्हणजे खिडकी, थेंब थेंब गळणारा नळ म्हणजे न्हाणीघर. भिंतीला हातसुद्धा न लावता ती घरभर फिरायची. मास्तरांनी एकदा नळ दुरुस्त करायला माणूस आणला, तर तिने त्याला दारातूनच वाटेला लावलं. “माझा नळ आहे, गळू दे.” एवढ्यावरून तरी मास्तरांनी काही ओळखायला हवं होतं. पण त्यांनी ते बायकोच्या हट्टाच्या खात्यात टाकलं आणि विसरले.

अडायचं ते सिनेमापाशी. टीव्हीसमोर बसलं की मास्तर सांगत सुटायचे, “आता तो जिना चढतोय. आता तिने तोंड फिरवलं.”

“अहो, मी सिनेमा ऐकू की तुम्हाला?”

गप्प बसावं तर, “आता काय झालं? का हसले सगळे?” मास्तरांना दोन्हीकडून मार. हळूहळू दर शनिवारी तिचं डोकं दुखायला लागलं. ते डोकं कशाने दुखतंय हे न कळण्याइतके मास्तर खुळे नव्हते. त्यांना ते फार लागलं. आपला शनिवार हातचा जातोय, तो कसाही करून राखायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं.

मग सुरू झाल्या दुकानांच्या चकरा. टाय लावलेला एक विक्रेता म्हणाला, “काका, साउंडबार घ्या. एक पट्टी टीव्हीखाली ठेवली की झालं.”

“मागचा आवाज मागून येतो का त्यातून?”

“तसा भास होतो.”

“भास नको. मागचं पाऊल मागेच वाजलं पाहिजे.”

एका ॲम्प्लिफायरवर स्फोट झाला की खुर्ची हादरायची, पण हळू बोललेलं गिळलं जायचं. तो बाद. दुसऱ्यावर बायकांचे आवाज नाकात बोलल्यासारखे यायचे. तोही बाद. विक्रेत्याने मनातल्या मनात हात टेकले असतील. शेवटी स्पीकर-ॲम्प्लिफायरच्या एका जोडीवर मास्तर डोळे मिटून बसले आणि एक गाडी त्यांच्या डाव्या कानाशी आली, पाठीमागून वळली आणि उजवीकडे निघून गेली. बायकोला सिनेमा असाच दिसेल, असं त्यांना वाटलं. आपल्याला हवे तेव्हा डोळे उघडता येतात, हे त्या खुर्चीत त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

त्यांनी स्वतः खपून सगळं बसवलं. पुढे तीन, जमिनीवर खर्जात घुमणारा सबवूफर आणि खुर्च्यांच्या मागे दोन कोपऱ्यांत, उंच स्टँडवर, दोन. तिच्या पायात येऊ नये म्हणून वायर भिंतीच्या कडेने खिळे ठोकून पक्की केली.

शनिवारी बुडणाऱ्या जहाजाचा सिनेमा लावला. चारी बाजूंनी पाणी, वारा, माणसांच्या हाका.

“कसं वाटतंय?”

“छान आहे,” ती म्हणाली. गिऱ्हाइकाने आणलेल्या भडक कापडाला ती असंच ‘छान’ म्हणायची. मास्तर पडद्यात गुंतले होते.

ती कधी उठली ते त्यांना कळलंच नाही. जहाज कलंडलं, लोक एकमेकांना शोधत धावायला लागले आणि मागच्या उजव्या कोपऱ्यातून एका बाईची हाक आली. “अहो!” किती स्वच्छ हाक! मास्तरांच्या अंगावर काटा आला.

“ऐकलंस?” पडद्यावरची नजर न काढता ते शेजारच्या खुर्चीला म्हणाले. “अगदी पाठीशी उभं राहून कुणी बोलावल्यासारखं.”

पुन्हा हाक आली, आता रडवेली. बायकोला नीट ऐकू यावं म्हणून मास्तरांनी आवाज आणखी वाढवला.

मग जहाज पाण्याखाली गेलं. पडद्यावर सगळं शांत झालं. हाक मात्र थांबली नाही.

मास्तर वळले. ती मागच्या कोपऱ्यात स्टँडला मिठी मारून खाली बसली होती. कपडे ओले, खाली थारोळं. लघवीला म्हणून न्हाणीघराकडे निघाली होती. इतक्या दिवसांनी नवऱ्याला एवढं खूश ऐकलं, म्हणून सिनेमा थांबवा म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं. आणि खुर्चीतून उठली तर नळ नाही, फ्रिज नाही, सगळीकडे समुद्र.

मास्तरांनी तिला धुतलं, कोरडं केलं. “मला वाटलं, सिनेमातलीच...”

“डोळे गेले तेव्हा मी घाबरले नव्हते हो,” ती म्हणाली. “आज घाबरले.”

दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी सगळं उचकटून विक्रेत्याकडे टाकलं. पैशाचं विचारलंसुद्धा नाही. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. नळ गळत होता, फ्रिज घरघरत होता. पण तिचा त्या आवाजांवरचा भरवसा उडाला तो उडालाच. खुर्चीतून उठायचं तरी ती आता मास्तरांना बोलावते, भिंत धरते, पाऊल टाकण्याआधी थांबते. घरभर फिरणारी बाई एका खुर्चीची झाली. आणि हे आपण केलं, हे मास्तर कुणाला सांगूही शकत नाहीत.

ते जवळ आले की ती विचारते, “कोण?”

“मीच आहे,” ते म्हणतात.

ती हात पुढे करते, त्यांचं तोंड चाचपते आणि मगच उठते.