जिउजित्सू म्हणजे म्हणे नुसतं लोळणं!

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे.

आज आमच्याकडे, इथे बहरीनमध्ये रिफाला, नवऱ्याचे ऑफिसातले सीनियर जेवायला आले होते. पक्के कोल्हापूरचे. आमची लेक सई जिउजित्सू शिकते म्हटल्यावर सुरूच झाले. "नुसतं लोळायचं, गळा आवळला की थाप मारून हार मानायची! असला खेळ एशियन गेम्समध्ये कशाला? कुस्ती आहे ना!"

"काका, कुस्तीत काय उभ्याने चीतपट करतात?" मी म्हटलं. पण ऐकतील तर शपथ!

शेवटी सईने त्यांच्या दंडावर दोनदा थाप मारली. "अंकल, आय टॅप्ड. नाऊ यू हॅव टू स्टॉप."

मॅटवर अशी थाप पडली की समोरचा त्या क्षणी सोडतो.

काका हसले आणि पुन्हा सुरू झाले.

आता सांगा, खेळाडूवृत्ती कुणाला शिकवायची?