इब्राहिमने कोरी सोडलेली जागा

"अंकल, अब्बा इज नो मोर." अल मजाजहून इब्राहिमच्या लेकीचा फोन आला, त्याला आता महिना होईल. मी रास अल खैमात मुलाच्या घरी सुरमई साफ करत होतो. तोंडून पहिलं काय निघालं? "खोटं बोलतेस!" जन्मभर थापा मारलेल्या माणसाला दुसऱ्याचं खरंही पटकन पचत नाही…

साठच्या दशकात दुबईच्या खाडीकाठी एका खोलीत आम्ही आठ कोकणी राहायचो. उन्हाने भिंत इतकी तापायची की तिच्यावर अंडं फोडलं की आम्लेट तयार. मी दोनदा खाल्लंय. स्वयंपाक माझ्याकडे. इब्राहिम गोदामात कारकून होता, आणि शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर स्वतः लिहीत असलेली कादंबरी आम्हाला वाचून दाखवायचा. आमच्या गावचं हायस्कूल, तिथली फुटबॉल टीम, आणि फायनलच्या आदल्या दिवशी विहिरीत सापडलेला गोलकीपर… ऐकायला बाहेर उंटसुद्धा थांबायचे. निदान एक तरी.

एका शुक्रवारी खुनी सापडला : खेळाचे मास्तर! टीममध्ये जास्त वयाचा एक खेळाडू घुसवलाय, हे गोलकीपर हेडमास्तरांना सांगणार होता, म्हणून मास्तरांनी त्याला ढकललं. मी उखडलोच. खून कल्पनेतला, पण खेळाडू खरा. कागदावर सोळा वर्षांचा, प्रत्यक्षात एकोणीस… तो मी! त्या खोलीत हे फक्त इब्राहिमला माहीत होतं.

"इब्रा, दुसरं कारण शोध. नाहीतर माझ्या हातचा भात खलास!"

"शोधणार नाही. आपल्या गावाने फुटबॉलचा कप जिंकायला डोळेझाक केली, युसुफ. तेच लिहितोय ना मी?"

चाळीस दिवस तो खजूर आणि खुब्जच्या रोटीवर राहिला. बरं, सहा दिवस. सातव्या दिवशी अंगात ताप, तरी खाटेवर बसून लिहीतच होता. मी कालवण-भात पुढे ठेवला. "जेव आता, हट्टी माणसा." त्याने आधी वाक्य पुरं केलं, मग ताट ओढलं.

कादंबरी पुरी झाली, पण त्याने ती कधी छापायला दिली नाही. विचारलं की म्हणायचा, "इन्शाल्ला, एक जागा भरायची राहिलीय."

मागच्या आठवड्यात त्याच्या लेकीने कादंबरीची वही आणून दिली. शेवट तोच, खुनी मास्तरच. फक्त त्या खेळाडूचं नाव जिथे जिथे यायला हवं, तिथे तिथे कोरी जागा… मी पेन घेतलं. तेहतीस ठिकाणी 'युसुफ' लिहिलं. तेहतीसच, मोजलंय. आता वही छापखान्यात चाललीय.