पैनगंगेवरच्या बोटीची थरथर

मुंबईहून निघताना कारखान्यातले सोबती हसत होते. "समुद्र सोडून यवतमाळला बोट दुरुस्त करायला चाललास? तिकडं कापूस पिकतो, बोटी नाही!"

मीही हसलो. मी मूळचा मालवणचा, लाँचच्या इंजिनांवर हात बसलेला फिटर. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आमच्या कारखान्यातून गेलेली एक जुनी लाकडी मोटारबोट यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, झरी जामणीच्या बाजूला, पैनगंगेवर चालत होती. ती इतकी थरथरते की लोक तिच्यात पाय ठेवत नाहीत, असा निरोप आला होता. काम किरकोळ असणार, अशा खात्रीने मी हत्यारांची पेटी उचलली.

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून यवतमाळची छोटी गाडी धरली. माझी पेटी दारात अडकली, तेव्हा गार्डाने शिट्टी तोंडातच धरून स्वतः हात लावला. दोन्ही अंगांना काळी जमीन आणि तीत वीतभर वाढलेली कपाशी. यवतमाळहून पांढरकवड्याची मोटार घेतली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने चौकशी सुरू केली.

"कायले आले इकडे?"

"बोट दुरुस्त करायला."

त्याने माझे दोन्ही हात न्याहाळले. "कोनतं बोट? मले त सारे धड दिसून राह्यले."

मी उलगडा केला, तेव्हा तो इतका हसला की पुढच्या बाकावरच्या लोकांनाही गंमत सांगावी लागली.

पांढरकवड्याहून पुढे लाकूड वाहणारी लॉरी मिळाली. सागाचं रान दाट होत गेलं. चिखलात चाक रुतलं की सगळे उतरून ढकलायचे, मीही. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून मी पैनगंगेच्या काठावर पोचलो. गढूळ, लाल, रुंद पाणी चाललं होतं. घाटाच्या खालच्या अंगाला काळ्या खडकांची रांग होती आणि तिच्यावर पाणी पांढरं होऊन फुटत होतं.

बोट चालवणारे गणू राठोड काठावर वाट पाहत होते. जवळच्याच तांड्यातले (बंजाऱ्यांच्या वस्तीतले). त्यांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहिलेलं. हे माणसं वाहत होते.

"मागच्या पुरात मधातच थरथर वाढली आन इंजिन बंद पडलं," त्यांनी सांगितलं. "बोट खडकावर जाऊन राह्यलती. झाडाची फांदी हाती लागली म्हून वाचलो. तवापासून कोनी बसत नाही."

त्यांच्या मागे एक मध्यमवयीन बाई उभ्या होत्या. या कमलाताई, सरकारी दवाखान्यातल्या नर्स, मूळच्या नेरच्या. नदीच्या वळणात वरच्या अंगाला काही गावं होती. पावसात नाला चढला की तिथे जायला बोटीशिवाय वाट नाही.

"शेजारच्या तालुक्यात पटकीची (कॉलऱ्याची) साथ आलेली आहे," त्या म्हणाल्या. "गावांत शिरायच्या आधी टोचायला पाहिजे. लस माठाजवळ गारव्याले ठेवली आहे. किती वेळ लागते तुम्हाले?"

"उद्या निघायची तयारी करा," मी म्हणालो.

कामाला लागलो. आधी गियर न टाकता नुसतं इंजिन चालवलं. हळू, जोरात, कसंही चालवलं तरी गुळगुळीत. म्हणजे इंजिन निर्दोष. गियर टाकून बोट पुढे काढली. वेग अर्ध्यावर आला तशी पायांखालची फळी थरथरायला लागली आणि पंखा फिरवणारा दांडा, शाफ्ट, जिथून बोटीबाहेर जातो त्या ग्लँडमधून (पाणी अडवणाऱ्या तोंडातून) पाण्याची धार सुरू झाली. दुखणं इंजिनाच्या मागे होतं. पाण्यात उतरून पंखा चाचपला. एका पात्याचं टोक वाकलेलं. मी मनात म्हणालो, सापडलं!

पंखा काढला, पातं सरळ केलं, दोन पोलादी पट्ट्यांवर ठेवून तोल पाहिला आणि परत बसवला. राठोडांना घेऊन नदीच्या मध्यावर गेलो. थरथर कमी झाली होती, म्हणून मी वेग वाढवला. तेवढ्यात सारी बोट हादरली, ग्लँड उघडला आणि पाणी घोट्यापर्यंत आलं. मी घाईने वेग तोडला. प्रवाहाने आम्हाला खडकांकडे ओढलं. राठोड बांबू घेऊन टोकाला धावले. मी अंगातला सदरा काढून चरबीत बुडवला आणि ग्लँडभोवती कोंबला.

"मिस्त्री, इंजिन बंद करू नका!" ते ओरडले.

"हळू चालू आहे! नाक वर घ्या!"

खडकांचा गारवा तोंडावर आला, इतके आम्ही जवळ गेलो होतो. पण इंजिनाने साथ सोडली नाही. इंच इंच करत काठ गाठला.

काठावर राठोडांची बायको जमनाबाई उभी होती. ती नवऱ्याला त्यांच्या गोर (बंजारा) बोलीत खूप काही बोलली आणि मग माझ्याकडे वळली. "तुमचं यंत्र तुमीच घेऊन जा मुंबईले. मले नवरा पाहिजे."

रात्री तिच्याच घरी ज्वारीची भाकर, तरोट्याची (पावसाळी रानभाजीची) भाजी आणि भेद्र्याची (टोमॅटोची) चटणी जेवलो. वाढताना तिने हात आखडला नाही, पण वाढून झालं की माझ्याकडे पाठ फिरवायची.

सकाळी बैल लावून बोटीचा मागचा भाग काठावर ओढला. शाफ्ट हाताने हलवला, तर पंख्याजवळ त्याला धरणाऱ्या नळीत, बुशमध्ये, तो लटलट हलत होता. गाळातल्या बारीक रेतीने बूश खाऊन टाकली होती. मग कपलिंगचे बोल्ट सोडले. इंजिनाची चकती आणि शाफ्टची चकती एकमेकींना सपाट भिडायला हव्या होत्या. वरच्या बाजूला मापाची पट्टी सैल जात होती, खाली शिरत नव्हती.

"इंजिन केव्हा आवळलं?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात. बोट रेतीवर दोन ठोकळ्यांवर उभी होती तवा."

आता सारं जुळलं. उन्हात वाळलेल्या, दोनच ठोकळ्यांवर तोललेल्या बोटीला मध्ये बाक आला होता. त्याच बाकात इंजिन आवळलं गेलं. बोट पाण्यात उतरून फुगली, सरळ झाली आणि शाफ्ट तिरका पडला. फिरताना तो बुशला घासत राहिला. वाकडं पातं ही वरवरची जखम होती.

नवी बूश मुंबईहून यायला आठवडा गेला असता. जहाजांवर कठीण लाकडाची बूश चालते, हे मला ठाऊक होतं.

"इकडे सगळ्यात कठीण लाकूड कोणतं?"

"अंजन," राठोड म्हणाले. "कुऱ्हाड उलटून येते."

"मुरलेलं, जुनं पाहिजे. ओलं चालणार नाही."

 कमलाताई हातात लसीची पेटी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहत जमनाबाई घरात गेली आणि मुसळ घेऊन आली, वापरून वापरून काळं, गुळगुळीत झालेलं.

"अंजनाचं आहे, याडीचं (आईचं)," ती म्हणाली. "तिकडच्या गावात माही बहीण राह्यते. बनवा."

त्याच लॉरीने पांढरकवडा गाठला. तिथल्या सलीम मिस्त्रींचा लेथ (कातकामाचं यंत्र) बाजाराच्या टोकाला होता. मुसळ पाहून ते खूश झाले.

"भाई, लोहा बहुत काटा, पर मुसळ पहिल्यांदा लेथवर चढून राह्यलं!"

त्यांची हत्यारं तीनदा बोथट झाली. पण बूश अशी उतरली की बोट फिरवलं तर काचेसारखी लागली. उरलेला तुकडा त्यांनी फडक्यात गुंडाळून परत दिला. "बाईले द्या. तिच्या आईची चीज आहे."

बूश ठोकून बोट पाण्यात सोडली. कमलाताईंची चुळबुळ चालली होती, पण आता मी घाई करणार नव्हतो. लाकूड पाणी पिऊन फुगेपर्यंत थांबलो. दुसऱ्या दिवशी, बोट तरंगत असतानाच, इंजिनाच्या पायांखाली रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचे तुकडे सरकवत दोन्ही चकत्या जुळवल्या. पट्टी आता चारी बाजूंना सारखी जात होती. सगळे बोल्ट आवळले.

पहिल्या फेरीला कमलाताई बसल्या. आणि त्यांच्या मागोमाग, कुणी न बोलावता, घागऱ्याचा घेर खोचून जमनाबाई. मी वेग पूर्ण वाढवला. फळी शांत होती, ग्लँडमधून हवा तेवढाच थेंब पडत होता. खडक मागे पडले. वळणावरच्या गावात लोक काठावर आले तेव्हा जमनाबाईची बहीण पाण्यात शिरून धावली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कमलाताई टोचत होत्या. रांग लावायला जमनाबाईच होती.

आणखी काही दिवस राहिलो, बोल्ट पुन्हा तपासले आणि निघालो. परतीच्या लॉरीत वळणावरच्या गावची एक बाई भेटली. रागावलेली होती.

"पहिले बोट खडखडत ये. आवाज आला की हातातलं टाकून घाटावर जात जाओ. आता चुपचाप येते आन जाते! मी पोचेपरत गेलती. दुसऱ्या फेरीले बसा लागलं. कोन्या मिस्त्रीनं केलं त्याले काही समजते का?"

मी मान हलवली, पण ओळख दिली नाही.

पांढरकवड्याला सलीम मिस्त्रींकडून रबरी फुग्याचा मोटारीचा भोंगा घेतला आणि राठोडांना द्यायला लॉरीवाल्याच्या हवाली केला.

"अब क्या बिघडलं?" सलीम मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही. बोट ऐकू येत नाही."

छोट्या गाडीत खिडकीशी बसलो तरी त्या बाईचा रागावलेला चेहरा डोळ्यांपुढे होता. आजवर किती मालकांनी पाठ थोपटली असेल, पण एवढं समाधान कधी वाटलं नव्हतं. तिचं म्हणणं खरंच होतं, आणि मला ते अगदी मान्य होतं.