डायनमो काढला त्या वर्षी

आमच्या घरात दोन म्हातारी माणसं आणि एक म्हातारी गाडी आहे. तिघांची तब्येत सांभाळायचं काम माझ्याकडे. नव्या राजधानीतल्या ऑफिसातून रायपूरच्या शंकर नगरला परतेपर्यंत माझ्यात जेमतेम चपला काढण्याइतकी ताकद उरते. गेल्या वर्षी पावसाळा सरताना एका संध्याकाळी मी अशीच येऊन टेकले, तर बाबांनी पाण्याचा ग्लास हातात दिला आणि म्हणाले, "डायनमो गेला."

गेला म्हणजे अगदी गेला नव्हता, थकला होता. डायनमो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि बॅटरी भरतो. आमचा हल्ली भरेनासा झाला होता. हेडलाइट लावले की पिवळे पडायचे, वर वायपर लावला की मान टाकायचे. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. बाबा बांधकाम खात्याच्या गॅरेजात इलेक्ट्रिशियन होते, त्यांनी ती खात्याच्या लिलावात घेतली. पुढे डायनमोऐवजी अल्टरनेटरच्या गाड्या येऊ लागल्या तोवर खात्याने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं होतं. त्यामुळे त्यांचं सगळं शहाणपण डायनमोचं.

दसरा तोंडावर आला होता. दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, याच गाडीने, बाबा चालवतात. आईला आता रेल्वेच्या पायऱ्या चढवत नाहीत. या गाडीच्या मागच्या सीटवर ती पाय पसरून बसू शकते. परतताना देवरीच्या आसपास दिवे लावायची वेळ होते, आणि तिथेच कुठेतरी ती दरवर्षी विचारते, "थकले का जी?" बाबा समोरून नजर न काढता म्हणतात, "नाई."

मी म्हटलं, "या वर्षी टॅक्सी करू या ना."

"भाड्याच्या गाडीत तुह्या आईले पाय पसरता येते का?" बाबांनी विचारलं.

बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांनी हायवेवर गाडी चालवू नये असं मला काही वर्षांपासून वाटतं, पण हे बोलायचं म्हणजे एक पूर्ण रविवार भांडणात घालवायचा, आणि रविवार मला एकच मिळतो. त्यांना मात्र दसऱ्याला स्टिअरिंगमागे बसायचंच होतं. बाकी सगळं त्यांनी सोडलं होतं, स्कूटर, बाजार, बँकेची कामं. एवढंच राहिलं होतं. शेवटी मीच गॅरेजातल्या मिस्त्रीकडे गेले, आणि डायनमो काढून नव्या छोट्या गाडीचा अल्टरनेटर बसवायचं ठरलं.

दोन रविवार त्यात गेले. अल्टरनेटर जुन्या जागी बसेना, म्हणून जाड पट्टीचा ब्रॅकेट करून घेतला. त्याची पुली बारीक, आमचा पट्टा रुंद, म्हणून पुली बदलली. आमच्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला होता, अल्टरनेटरला तिथे मायनस हवा, म्हणून बॅटरी फिरवून लावली आणि डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या काट्याच्या वायरी अदलाबदल केल्या. बाबा स्टुलावर बसून प्रत्येक वायरीवर बोट ठेवत होते. मिस्त्री गुमान "हव बाबूजी" म्हणत होता. कित्येक महिन्यांत मी बाबांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. मी शेजारच्या बाकावर बसून डुलक्या काढत होते.

इंजिन चालू झालं. काटा उजवीकडे सरकला, हेडलाइट पांढरेशुभ्र लागले. मिस्त्री हात धुवायला नळाकडे गेला. बाबा उठले, आपला दहा नंबरचा पाना घेतला, आणि चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढलं. डायनमोची परीक्षा ते जन्मभर अशीच घेत आले. बॅटरी काढूनही इंजिन चालू राहिलं की डायनमो भरतो आहे असं समजायचं. हेडलाइट एकदम लख्ख झाले आणि विझले. इंजिन बंद पडलं. जळका वास आला.

मिस्त्री ओल्या हातांनी पळत आला. बाबांच्या हातातलं टर्मिनल त्याने पाहिलं.

"माल खराब दिला तुले दुकानदारानं," बाबा म्हणाले.

"हव बाबूजी," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "माल ही खराब निकला."

मला रिक्षापर्यंत सोडायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "दीदी, अल्टरनेटर में चालू गाड़ी का टर्मिनल नहीं निकालते. डायोड जल जाता है. बाबूजी को समझाना पड़ेगा, नहीं तो दूसरा भी जलेगा."

समजावायचं म्हणजे मीच. मी मनातल्या मनात त्याच्यावर चिडले, त्याने खोटं बोलून मोकळं व्हावं आणि खरं बोलायचं माझ्या गळ्यात मारावं म्हणून. रात्री जेवताना मी सरळ सांगून टाकलं, "बाबा, माल चांगला होता. तुम्ही टर्मिनल काढलं म्हणून तो जळला." गोड करून सांगायला अंगात त्राण नव्हतं.

बाबा अर्धी पोळी ठेवून उठले.

"काहून असं बोलली त्यायले?" आई म्हणाली. मी बाबांचं ताट उचललं.

पुढच्या रविवारी दुसरा अल्टरनेटर बसला. बाबा आले, पण स्टूल त्यांनी लांब ओढून घेतलं. इंजिन चालू झालं, काटा हलला. मिस्त्री पट्ट्याचा ताण बघायला वाकला. तेवढ्यात बाबा उठले आणि पाना घेऊन बॅटरीवर वाकले. मी बाकावरून ओरडणार, एवढ्यात ते स्वतःच थांबले. पाना टर्मिनलच्या नटाला लागलेला होता. ते आपल्या हाताकडे बघत राहिले. मग माझ्याजवळ येऊन पाना त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"तुह्याजवळ ठेव," ते म्हणाले. "माहा हात आयकत नाई आता."

मी पाना पर्समध्ये टाकला.

दसऱ्याला पहाटे आईला मागच्या सीटवर बसवलं, उशी दिली. बाबा पांढरे कपडे घालून बाहेर आले. मी किल्ली पुढे केली. ते गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी गेले आणि आत बसले.

"तू चालव," म्हणाले. "मी काट्याकडं पाह्यतो."

इतकी वर्षं मला हेच हवं होतं. ते असं न भांडता मिळालं. मी क्लच दाबला आणि गाडी काढली.

बाबांनी खरोखर जाता-येता काट्यावरची नजर काढली नाही. परतताना देवरी मागे पडली, मी दिवे लावले. रस्ता लांबवर पांढरा दिसू लागला. "भरून राहिला," बाबा म्हणाले. मागे आई पाय पसरून झोपली होती, त्यामुळे या वेळी तिने विचारलं नाही.

थोड्या वेळाने बाबांनीच विचारलं, "थकली का?"

माझी पाठ दुखत होती, डोळे चुरचुरत होते, आणि रायपूर अजून बरंच लांब होतं.

"नाई," मी म्हटलं, समोरून नजर न काढता.