पत्र्याखालचा फाइव्ह-नाईन

आमच्या ग्रुपमध्ये किस्से जमायला वेळ लागत नाही. अकरा माणसं, प्रत्येकाच्या घरी दोन-तीन रेडिओ आणि प्रत्येकाचं मत पक्कं. आम्ही हॅम रेडिओवाले. सरकारी परीक्षा द्यायची, कॉलसाइन म्हणजे हवेतली आपली ओळख मिळवायची आणि मोबाइल-इंटरनेटशिवाय थेट हवेतून बोलायचं. बाकीचे हे किस्से चहा पिताना हसत सांगतात. मला अजून हसू येत नाही.

दर रविवारी सकाळी नऊला आमची हजेरी असते. विठ्ठलवाडीच्या सावंत मॅडम रेडिओवर एकेकाचं नाव पुकारतात. नियम एकच, स्वतःचं स्टेशन उभं केल्याशिवाय हजेरीत नाव नाही. परीक्षा देऊन कॉलसाइन मिळाला होता, आता मला ते नाव हवं होतं. बास, तेवढंच.

*

पहिल्यांदा गेलो ते अंबरनाथला पाटणकर सरांकडे. सर रिटायर्ड इंजिनियर, ग्रुपमध्ये सगळ्यात मोठे.

"शिक्षण?" सरांनी विचारलं.

"नववी. कॅम्प दोनच्या बाजारात एका दुकानात फ्रीज-एसी रिपेअर करतो."

"मग परीक्षा कुणी दिली?"

तिथे जमलेले सगळे हसले. मीही हसलो. त्याचा राग मला घरी पोचल्यावर आला.

सरांनी गच्चीवर नेऊन त्यांची परदेशी अँटेना दाखवली. गच्चीवर पत्र्याची शेड होती आणि अँटेना त्या शेडच्या आत, पत्र्याला लागून उभी.

"सर, बाहेर नको का?"

"पावसात खराब होईल रे. महागाची वस्तू आहे."

मी नवीन. मला वाटलं, इतक्या महाग अँटेनाला पत्र्यातूनही दिसत असेल.

*

रेडिओ कुठला घ्यावा, हे मी ग्रुपवर विचारलं. ही माझी चूक. ज्याच्या घरी जो सेट, तोच त्याने सांगितला. एकाने लिहिलं, पन्नास वॉटच्या खाली बघूच नको. दुसऱ्याने लिहिलं, जगभर बोलता येईल असा घे. तिसऱ्याने दोन पानं इंग्रजीत पाठवली आणि खाली विचारलं, "समजलं का?"

समजलं होतं. डिक्शनरी घेऊन वाचलं होतं. त्या दोन पानांत अँटेनाचा शब्द नव्हता.

मी पाच वॉटचा, हातात मावणारा सेट घेतला. सरांनी लिहिलं, "खेळणं आणलंस. बॅटरी संपली की रडू नकोस."

खाली सहा अंगठे!

*

सुरुवातीला मी त्या सेटवर नुसता ऐकत होतो. ऐकून एक गोष्ट कळली. एकमेकांना सिग्नलचा रिपोर्ट द्यायचा असतो. बोलणं किती स्पष्ट, त्याला पाचपैकी. सिग्नल किती जोरदार, त्याला नऊपैकी. फाइव्ह-नाईन म्हणजे पैकीच्या पैकी. आमच्याकडे सगळ्यांना फाइव्ह-नाईनच मिळतं. कमी देणं उद्धटपणा समजतात.

एका रविवारी सर बोलले. नुसती खरखर.

"सर, फाइव्ह-नाईन, एकदम क्लिअर," सावंत मॅडम म्हणाल्या. "काय म्हणालात, परत सांगता का?"

*

सेटची स्वतःची छोटी अँटेना लांब पोचत नव्हती, म्हणून मार्केटमधून नवी अँटेना आणली. दुकानदार म्हणाला, "ओरिजिनल है. वजन देखो."

वजन होतं. पण सेटला लावल्यावर आधी जे ऐकू यायचं तेही बंद झालं. मी आमच्या दुकानात बसून ब्लेडने तिचं रबर चिरलं. आत एक लोखंडी सळी होती. नुसती, कशालाच न जोडलेली. वजनासाठी.

आमचे शेठ सिंधी. चाळीस वर्षं फ्रीज उघडतायत. त्यांनी सळी हातात घेऊन फिरवली.

"दिवसभर तांब्याचं काम करतो तू," ते म्हणाले, "और लोहा खरीद के लाया?"

राग आला, पण या वेळी स्वतःचा. त्याच दुपारी मी एसीचा तांब्याचा पाइप अँटेनाच्या मापाने कापला, इंग्रजी जे अक्षरासारखा जोडला, ज्योतीने ब्रेझिंग केलं. सांधा असा बसला की शेठनी चष्मा लावून बघितला आणि बोटाने चाचपून मान डोलावली. ते तसं क्वचितच करतात.

फोटो ग्रुपवर टाकला. सरांचं उत्तर आलं, "गॅस भरलास का?"

*

आता गच्ची. मी बदलापूरला राहतो. सोसायटीचे सेक्रेटरी भोईरकाका.

"अँटेना नाय चालायची. रेडिएशन व्हतं," ते म्हणाले.

आम्ही उभे होतो त्याच गच्चीवर मोबाइल कंपनीचा टॉवर आहे. मी वर बघितलं. काकांनीही बघितलं.

"त्यो कंपनीचा हाय."

बोलायचं खूप होतं. मी खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी मी अँटेना पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपात घातली आणि टाकीच्या बाजूला नळांच्या लाइनीत उभी बांधली. काका वर आले.

"ही लाइन कसली रं?"

"माझी आहे काका."

"लीक नाय ना व्हत?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ दे."

*

रविवार. सगळ्यांची नावं झाली. मॅडमनी विचारलं, "अजून कुणी स्टेशन?"

बटण दाबलं. कसाबसा कॉलसाइन सांगितला. नाव सांगितलं, महेश.

"महेश, फाइव्ह-नाईन," मॅडम म्हणाल्या. नाव परत विचारलं नाही.

मध्येच खरखरीतून सर आले. "कुठला सेट? पन्नास वॉट?"

"नाही सर. तेच खेळणं."

"शक्य नाही. बरं, माझा रिपोर्ट दे."

फाइव्ह-नाईन जिभेवर तयार होतं. मग ते सहा अंगठे आठवले.

"थ्री-थ्री, सर. अर्धे शब्द पत्र्याखालीच राहतायत."

 कुणी बटणच दाबेना. मला वाटलं, झालं, नाव लागायच्या आधीच कटलं.

मग एक जण हळूच म्हणाला, "महेश, माझा दे. खरा दे." त्याच्यामागून दुसरा. तिसरा. मी एकेकाला देत गेलो. फाइव्ह-नाईन दोघांनाच मिळालं.

शेवटी पुन्हा खरखर आली. लांबलचक. मला एक शब्द कळला नाही.

"महेश, सरांचा फोनवर निरोप आलाय," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या दुकानात मोठी शिडी आहे का विचारतायत."