अर्धा हँडब्रेक

महाराष्ट्र होऊन चारेक वर्षं झाली होती. पूर्णेला पूर आला आणि आमच्या कंपनीला मदतीसाठी बुलढाणा जिल्ह्यात पाठवलं. मी पिंपळगाव राजाचा, ट्रेनिंग सेंटरमधून नुकताच आलेला सिपाही ड्रायव्हर. शेजारी लान्स नाईक गणपत, वडनेर भोलजीचा. त्याचे वडील एका बड्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चालवत. आमची रँक परेडपुरतीच. एरवी तो माझ्या मगातला अर्धा चहा बिनदिक्कत पिऊन टाकायचा.

दुपारी पंधरा चाळीसला नदीकाठच्या वस्तीतून चौदा माणसं ट्रकमध्ये घेतली. नाल्याच्या चढावर मागचं डावं चाक काळ्या मातीत रुतलं आणि जागच्या जागी गरगरू लागलं. उजवं चाक कडक मुरमावर होतं, पण ते हलेना. इंजिनाचा जोर मोकळ्या फिरणाऱ्या चाकाकडेच पळतो, ही ट्रकची खोडच. मागून पाणी चढत होतं.

वायरलेसवर सुभेदारसाहेब होते. "पोझिशन सांगा. ओव्हर."

"गाडी नाल्यात रुतली, साहेब. ओव्हर."

गणपत म्हणाला, "अर्धा हँडब्रेक ओढ बे, अन् हळूच रेस दे. फिरत्या चाकाले अडवलं का जोर दुसऱ्याले भेटते. माहा बाप ट्रॅक्टरचं चाक असंच ब्रेकानं अडवते."

मी ऐकलं नाही. हँडब्रेक सोडल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे आम्हाला पाठीवर पॅक लादून, पळवून शिकवलेलं. ट्रॅक्टरवाल्याची अक्कल फौजेच्या ट्रकला कशाला, असंही वाटलं. मूर्ख होतो मी.

"मंग मी गोटे टाकतो," म्हणत तो उतरला. पाणी त्याच्या गुडघ्याला होतं. त्याने चाकाखाली दगड लावले. चाकाने ते भिरकावले. पुन्हा लावले. पाणी कमरेला आलं. ट्रकमधल्या बाया रडू लागल्या.

"ब्रेक ओढ बे!" तो ओरडला.

तेव्हा ओढला. उजव्या चाकाने मुरूम धरला आणि ट्रक एका दमात वर आला. मी उडी मारून मागे धावलो. नाल्यात नुसतं पाणी होतं.

गणपत दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, बाभळीला अडकलेला.

आठवड्याने मी वडनेरला गेलो. त्याचे वडील ओसरीवर बसले होते.

"गाडी कशी निंगाली?"

"अर्ध्या हँडब्रेकनं, काका."

"गणपतनंच सांगतलं असन."

"हाव."

त्यांनी मान हलवली, डोळे पुसले आणि सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं. त्याने सांगितलं तेव्हाच मी ऐकलं असतं तर तो उतरलाच नसता, हे माझ्या तोंडून निघालं नाही. आता तेही राहिले नाहीत. चौदाही माणसं वाचली, गणपत. चूक माझी होती.